खाट तुझ्या कंबरेसाठी, गादी त्यांच्या कातडीसाठी

खाट निवडताना स्वतःच्या कंबरेचा विचार कर आणि गादी निवडताना सासूबाईंच्या कातडीचा. अर्धांगवायूने एक बाजू गेलेल्या माणसाला खाट उंच आहे की बुटकी हे फारसं जाणवत नाही. ते जाणवतं पुसणाऱ्या, भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या हातांना. वॉर्डात नोकरीला असताना मी पाठदुखीपायी नोकरी सोडलेल्या मुली पाहिल्या आणि घरी आईचं करता करता कंबरेला पट्टा बांधायची वेळ आलेल्या लेकीही पाहिल्या. सांभाळणारं माणूसच आडवं झालं तर त्या घराने काय करायचं? म्हणून आधी तुझं बघ, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तुमचा तो डबल बेड मनातून काढून टाक. मधोमध निजलेल्या माणसापर्यंत हात पोचवायला तुला गुडघा टेकून वर चढावं लागेल. खाली सामानाची पेटी असल्यामुळे पाय आत सरकत नाहीत, मग सगळा भार कंबरेवर येतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिलं, त्यातही रुग्णाची खाट लोखंडी असावी आणि साडेतीन फुटांहून रुंद नसावी असं सांगितलं आहे. इतक्या वर्षांनी त्यात बदलावं असं काही मला दिसत नाही.

सर्जिकलच्या दुकानात सेमी फाउलर आणि फुल फाउलर अशी नावं ऐकशील. सेमीला एक हँडल असतं, त्याने फक्त पाठ उचलली जाते. फुलला दोन असतात, दुसऱ्याने गुडघ्याखालचा भाग वर येतो. तू दोन हँडलांचीच घे. नुसती पाठ उचलली की माणूस पायथ्याकडे घसरतो. घसरताना कातडी चादरीला चिकटून राहते, हाड मात्र आत खाली सरकतं आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. माकडहाडावरच्या कितीतरी जखमा अशाच होतात. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेव. आधी गुडघे उचलायचे, मग पाठ. जेवताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास पाठ चांगली उंच हवी, नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. एरवी काटकोनाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त उंच ठेवू नकोस.

पूर्ण खाटच वर-खाली होणारी, हाय-लो म्हणतात ती, परवडत असेल तर इतर कशावरही खर्च करण्याआधी त्यावर कर. पुसताना, कपडे बदलताना ती तुझ्या कंबरेपर्यंत वर घ्यायची आणि काम झालं की खाली. सासूबाई थोड्या दिवसांनी काठावर पाय सोडून बसतील असं डॉक्टर म्हणाले आहेत ना? मग त्यांचे तळपाय जमिनीवर सपाट टेकतील इतकी ती खाली येते की नाही, तेही दुकानातच बघून घे. उंची मोजताना गादीसकट मोज. पाय लोंबकळत असतील तर बसायचा सराव होतच नाही, भीतीच बसते. मोटरची खाट घेतलीस तर वीज गेल्यावर ती हाताने खाली येते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

या खाटा साधारण साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असतात. घराचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोजूनच दुकानात जा. डोक्याकडची आणि पायाकडची फळी निघते का तेही विचार. घरात खाटेची नुसती उशाची बाजू भिंतीला लाव, दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात. जागा फारच कमी असेल तर चाकांची खाट भिंतीशी ठेवायची आणि काम करताना पुढे ओढायची, पण मग चारही चाकांचे ब्रेक रोज तपासायचे. आतल्या खोलीपेक्षा हॉलमध्ये ठेव, हे माझं स्पष्ट मत. येता-जाता त्यांच्याशी चार शब्द बोलले जातात, आणि तुझा कानही त्यांच्याकडे राहतो.

कठडे हवेत, पण त्यांच्यावर विसंबून राहायचं नाही. रात्री गोंधळलेलं माणूस कठड्यावरून पाय टाकतं आणि मग जास्त उंचीवरून पडतं. म्हणून रात्री खाट अगदी खाली घ्यायची. गादी आणि कठडा यांच्यात डोकं किंवा हात अडकेल एवढी फट राहू द्यायची नाही. फोमची गादी खाटेच्या मापाचीच लागते ती यासाठी.

आता गादीचं नीट ऐक, कारण लोक इथेच फसतात. कापसाची गादी चार महिन्यांत दबते, गोळे होतात, ओली झाली की वाळत नाही. काथ्याची गादी टणक असते, ती निरोगी पाठीला ठीक. ज्यांची थोडी हालचाल शिल्लक आहे, स्वतः थोडंफार सरकता येतं, त्यांना चांगला घट्ट फोम आणि वर पाणी न शोषणारं, ताणलं जाणारं, चेनचं कव्हर पुरतं. फोम घेताना दोन्ही गुडघे टेकून त्यावर बस. खालची फळी लागली तर ती गादी नको.

सासूबाईंना स्वतःहून कूस बदलता येत नाही, म्हणून त्यांना हवेची गादी लागेल. तिचे दोन प्रकार मिळतात. फुग्याफुग्यांची पातळ गादी स्वस्त असते. दुसरी आडव्या नळ्यांची, जाड, ती महाग असते. त्यांचं वजन पाहता तू नळ्यांचीच घे. एकाआड एक नळ्या भरतात आणि रिकाम्या होतात, त्यामुळे दाब एकाच जागी साचत नाही. ती साध्या फोमवर घालायची, उघड्या फळीवर कधीच नाही, कारण वीज गेली आणि हवा उतरली तर हाड थेट फळीला लागतं. पंपाला जोडायच्या नळ्या पायथ्याकडे घ्यायच्या, पंप पायाकडच्या फळीला अडकवायचा. आधी गादी पूर्ण फुगू दे, मग माणूस निजव. पंपावर वजनाप्रमाणे दाब लावायची कळ असते, पण आकड्यावर भरवसा ठेवू नकोस. माकडहाडाच्या बरोबर खाली, गादी आणि फोम यांच्यामध्ये पालथा नव्हे, उताणा तळहात घाल. हाड हाताला लागलं तर दाब कमी आहे. हाताच्या वर निदान इंचभर फुगलेली गादी जाणवली पाहिजे. पाठ उचलून बसवलं की वजन बैठकीवर एकवटतं, तेव्हा पुन्हा हात घालून बघ. कुणाच्या मणक्याला किंवा खुब्याला इजा असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हवेची गादी घालायची नाही.

या गादीवर एकच सुती चादर, तीही सैल. लोक वर गोधडी, मग मेणकापड, मग दुपटं घालतात, आणि गादीचा सगळा उपयोग त्या थरांतच संपतो. चादर कचकचून खोचली तर ती झोळीसारखी ताणून राहते आणि माणूस गादीपर्यंत पोचतच नाही. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी जुन्या सुती लुगड्याची दुहेरी पट्टी मात्र आडवी घालून ठेव. वर सरकवताना दोघींनी दोन बाजूंनी ती धरून उचलायचं, माणसाला काखेत धरून ओढायचं नाही. लुळ्या हाताला तर अजिबात खेचू नकोस, त्याचा खांदा निखळतो.

गादी घेतली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1944 पासून, इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात डॉक्टर लुडविग गुटमान यांनी मणका दुखावलेल्या सैनिकांची कूस रात्रंदिवस दर दोन तासांनी बदलण्याची शिस्त लावली. अशी माणसं तोवर बरेचदा दाबाच्या जखमांनी दगावायची, ती जगायला लागली. घरीही दोन तासांपासून सुरुवात कर. कातडी चांगली राहते असं दिसलं तर रात्रीचं अंतर वाढवता येतं, पण नर्सला विचारून. पूर्ण कुशीवर निजवलं तर खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी देऊन थोडं तिरपं ठेव आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये एक पातळ उशी दे. पोटरीखाली लांब उशी अशी सरकव की टाचा अधांतरी राहतील.

बसायला रबराची फुगवलेली रिंग कुणी आणून देईल, ती नम्रपणे परत कर. मधला भाग सुटतो, पण कडेचा गोल दाबला जाऊन त्याच जागेचा रक्तपुरवठा आवळला जातो. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवायची पद्धतही सोड.

रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, फरे, डोक्याची मागची बाजू आणि कानाच्या पाळ्या उजेडात बघ. लाल जागा दिसली तर बोटाने दाबून सोड. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर दाब लगेच हटव. लालच राहिली तर जखम आत सुरू झाली आहे, त्या जागेवर पुन्हा निजवायचं नाही आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. सासूबाई सावळ्या आहेत, त्यांच्या अंगावर लाली चटकन दिसणार नाही. तिथे जांभळट छटा, गरमपणा किंवा आजूबाजूपेक्षा टणक लागणं हीच खूण. अशी जागा चोळू नकोस, पूर्वी स्पिरिट-पावडर लावून चोळत, आता तसं शिकवत नाहीत.

पहिला महिना सगळं भाड्याने घे. सर्जिकलवाले अनामत घेऊन देतात, आणि बऱ्याच गावांत ज्येष्ठ नागरिक संघ किंवा ट्रस्ट रुग्णोपयोगी साहित्य नाममात्र भाड्याने देतात, तिथे आधी विचार. खाट लोखंडीच असते, पुसून घेतली की झालं, जुनी चालते. हवेची गादी मात्र शक्यतो नवी घे, तिचे सांधे कधी सुटतील याचा नेम नसतो. इस्पितळातून त्यांना सोमवारी सोडणार असतील तर सामान शनिवारीच घरी आणून घे. गादी रिकामीच रात्रभर पंप लावून फुगवून ठेव, आणि सकाळी एखादी नळी मऊ पडलेली दिसली तर रविवारीच दुकानदाराला फोन कर.