‘दिवस काढ’ हा सल्ला नव्हे

गणपती झाले की महाड-पोलादपूरकडच्या पालकांचे फोन सुरू होतात. गोष्ट दरवर्षी तीच. पोरगं जूनमध्ये पनवेलच्या नाहीतर पुण्याच्या मॉलमध्ये कामाला लागलेलं असतं. गणपतीला गावी जायला सुट्टी मागितली, तर मॅनेजरने गिऱ्हाइकांसमोर त्याच्या आई-बापाचा उद्धार केला. पोरगं म्हणतं सोडतो, घरचे म्हणतात दिवस काढ. ‘सर, तुम्हीच समजवा त्याला.’

समजवायचं आहेच, पण त्याला नव्हे.

बारावीनंतरच्या बाकीच्या वाटा तुम्हाला पाठ आहेत. आयटीआय करून बिरवाडीच्या एमआयडीसीत जाणं, महाडच्या आंबेडकर महाविद्यालयात किंवा पोलादपूरच्या सुंदरराव मोरे महाविद्यालयात पदवी घेणं, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणं. त्यावर पुन्हा कधीतरी. सध्या फॅशन आहे ती ‘एसीतल्या नोकरीची’. गळ्यात ओळखपत्र, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि गावात सांगायला कंपनीचं नाव. दुकानातला एसी माल आणि गिऱ्हाईक यांच्यासाठी असतो, हे पालक सोयीस्करपणे विसरतात. विक्रीचं काम वाईट नाही. माणूस ओळखणं, स्टॉक सांभाळणं, नाही म्हणणाऱ्याला हो म्हणायला लावणं, हे कसब पुढे कुठेही चालतं. पण अपमान गिळणं हा त्या कामाचा भाग नाही. तो भाग आहे असं मुलांना घरातूनच शिकवलं जातं, आणि माझा राग त्यावर आहे.

गप्प बसणाऱ्या पोराचं काय होतं ते मी पाहिलं आहे. ते शहाणं होत नाही. ते दोन-चार वर्षांनी सुपरवायझर होतं आणि नव्या पोरांना त्याच शिव्या घालतं.

दुसरं टोकही तितकंच फुकट. रागाच्या भरात ग्रुपवर ‘मी चाललो’ टाकायचं, स्टेटसला मॅनेजरचा फोटो लावायचा आणि रात्रीच्या गाडीने घरी यायचं. महिन्याचा पगार अडकतो, अनुभवाचं पत्र मिळत नाही, आणि मॅनेजर तिथेच राहतो.

बोलायची एक रीत असते आणि ती शिकता येते. पहिल्यांदा त्याच दिवशी, पण एकट्याला गाठून: ‘सर, चूक माझी असेल तर आत बोलावून सांगा, गिऱ्हाइकासमोर नको.’ एवढंच. आवाज चढवायचा नाही, रडायचंही नाही. पुष्कळ मॅनेजर इथेच वरमतात, कारण त्यांना असं कोणी कधी म्हटलेलंच नसतं. पुन्हा घडलं तर लेखी. तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते. ‘मॅनेजर वाईट वागतात’ या वाक्यावर कोणीही काही करू शकत नाही. ‘शनिवारी संध्याकाळी सात वाजता बिलिंग काउंटरवर, अमुक तिघांसमोर, असं म्हणाले’ यावर एचआरला निदान उत्तर तरी द्यावं लागतं. तक्रार एचआरच्या ईमेलवर जावी आणि तिची प्रत स्वतःच्या ईमेलमध्ये राहावी. सुट्टीचंही तसंच. गणपतीचा अर्ज जुलैतच लेखी द्यावा, चतुर्थीच्या आठवड्यात तोंडी मागू नये.

पैशाच्या बाबतीत तर अजिबात गप्प बसू नये. माल मोजताना तूट निघाली की ‘शॉर्टेज’ म्हणून सगळ्या मुलांच्या पगारातून सरसकट रक्कम कापण्याची खोड अनेक ठिकाणी आहे. कायदा असं सांगतो की दंड पगाराच्या तीन टक्क्यांवर जाऊ नये, आणि तुटीपोटी कापायचं तर माल त्याच कामगाराच्या ताब्यात दिलेला हवा, तूट त्याच्या हयगयीमुळे आलेली हवी, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलेलं हवं. ‘माझ्या नावावर कोणता माल होता, तो कागद दाखवा’ हे वाक्य प्रत्येक मुलाला पाठ असावं.

हे झालं शहराचं. महाडच्या बाजारपेठेत गोष्ट जास्त अवघड होते. इथे एचआर नसतो, शेठ असतो. आणि नोकरी अर्जावर लागलेली नसते, ओळखीवर लागलेली असते. पोलादपूरच्या आतल्या गावातली मुलगी कापडाच्या दुकानात लागते ती मामांनी शब्द टाकला म्हणून. तिने तोंड उघडलं की मामांचा शब्द गेला. दुकान बंद करताना उशीर झाला आणि शेवटची एसटी चुकली, तरी ती गप्प. कायद्याचा आधारही इथे तोकडा पडतो. राज्याचा 2017 चा दुकाने कायदा कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा दुप्पट मोबदला हे सगळं सांगतो, पण मुळात दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना. आणि 2025 मध्ये सरकारने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. चार माणसांचं दुकान त्यातून सुटतं. किमान वेतन मात्र सुटत नाही. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदाही सुटत नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, तीन महिन्यांच्या आत. मामांनी शब्द टाकताना हेही शेठला ऐकवावं.

छोट्या दुकानातल्या बायकांनी बोलून काय होतं, असं कोणी विचारलं तर मी केरळकडे बोट दाखवतो. कोझिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारात विक्रेत्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागे, बसायला मनाई, शौचालय नाही. तिथे शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी 2009 मध्ये ‘पेनकूट्टू’ ही बायकांची संघटना उभी केली. शौचालयापासून सुरू झालेलं ते भांडण खुर्चीपर्यंत गेलं, आणि 2018 मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यातच बसण्याचा हक्क घातला. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. पेनकूट्टूच्या बायकांपैकी कोणी एकटी बोलली नाही. तुमच्या मुलीला एकटीने बोलायला जमत नसेल तर तिघीचौघींनी मिळून सही करायला सांगा.

आता माझी आवडती वाट, जी कोणीच विचारत नाही: कामगार कायद्याचं शिक्षण. पदवीनंतर कामगार कायदे आणि कामगार कल्याण यांची पदविका घेता येते. मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे, तिथे याच विषयाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती लोखंड्यांमुळे, आणि आपल्याकडची किती घरं त्या गिरण्यांवर जगली हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी, कंपनीत एचआर, सरकारी कामगार अधिकारी अशी दारं उघडतात. ज्याने स्वतः काउंटरवर उभं राहून शॉर्टेज भरलं आहे, त्याला त्या खुर्चीत बसल्यावर फाईल समजावून सांगावी लागत नाही.

पण हे सुचवलं की बाप विचारतो, ‘यात स्कोप काय?’ आणि पोरगं समोर बसलेलं असताना त्याच्या वतीने उत्तरही स्वतःच देतो. अशा वेळी मी वडिलांना बाहेर चहा घ्यायला पाठवतो. पुढचं बोलणं पोराशी होतं.