कलाकलानं

ऑटिझमचं निदान झालं की घरात पहिली चौकशी होते ती आईची. मोबाईल फार दाखवलास का, नोकरी सोडायला हवी होतीस, गरोदरपणी कसलं टेन्शन घेतलंस? हा आरोप जुनाच आहे. ब्रूनो बेटेलहाइमनं १९६७ साली अख्खं पुस्तक लिहून आईच्या कोरडेपणावर खापर फोडलं होतं. खरं तर त्याच्या तीन वर्षं आधीच बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ऑटिझमचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे हे मांडलं होतं. शास्त्रानं तो वाद केव्हाच मिटवला. आपल्या दिवाणखान्यांत तो अजून रंगतो.

म्हणूनच ‘पालकांचं प्रशिक्षण’ म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडते. आम्हीच कमी पडलो, म्हणून आम्हालाच शाळेत घालताय? तसं नाही हो. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी धरून मूल थेरपिस्टकडे आठवड्याचे मोजके तास असतं. अंघोळ, पोहे, रिक्षा, शेजारच्यांचा मिक्सर हे सगळं तुमच्या वाट्याला येतं.

गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेनं रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं. त्यातल्या साधारण निम्म्यांच्या आईबाबांना सहा महिन्यांत बारा बैठका मिळणार होत्या. शिकवणारे डॉक्टर नव्हते, तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते. पालकांनी मुलाशी खेळायचं, ते चित्रित करायचं आणि मग कार्यकर्त्याबरोबर बसून बघायचं. चमत्काराचा दावा कुणी केला नाही. पण पालक मुलाच्या कलानं घ्यायला लागले आणि मुलंही आपणहून संवाद सुरू करू लागली, एवढं नक्की दिसलं.

स्वतःला असं बघणं सुरुवातीला नको वाटतं. आपला आवाज, आपला गाऊन! पण दोन मिनिटांत वेगळंच लक्षात येतं. ‘हा कुठला रंग? काऊ कुठाय? सांग ना, सांग बरं!’ खेळ कसला, तोंडी परीक्षाच ती. मूल मात्र गाडी उलटी करून चाक फिरवतंय. आपण ती सुलटी करून हातात देतो, ते परत उलटी करतं. आता चाकाकडेच बघा. ‘फिर, फिर, फिर...’ म्हणा आणि थांबा. हे थांबणं फार अवघड असतं, कारण शांतता पसरली की आपल्याला काही केल्याशिवाय राहवत नाही. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. कधी मूल तुमचा हात चाकावर ठेवतं, कधी नुसतं तिरकं बघतं. तो त्याचा प्रश्न असतो, त्याला उत्तर द्या. कधी काहीच होत नाही, तेही चालतं. डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती करू नका.

आत्मविश्वास व्याख्यानं ऐकून येतो यावर माझा विश्वास नाही. महिन्यापूर्वीचं आणि आजचं चित्रण शेजारी ठेवून ‘इथं मी थांबले आणि तो वळला’ असं आईनं स्वतः दाखवलं, की तिच्या बोलण्याचा सूरच बदलतो. मग लग्नघरात मूल कानांवर हात ठेवून ओरडलं तर ती सारवासारव करत नाही. ‘आवाज जास्त झालाय त्याला’ म्हणते आणि त्याला बाहेर घेऊन जाते. कुणी लाखोंचा स्टेम सेलचा उपाय सुचवला तर पुरावा मागते.

तर या आठवड्यात एवढंच करा. टीव्ही बंद, मूल जेवलेलं, झोप झालेली. त्याच्या आवडीची एकच वस्तू, मग ती चमचा का असेना. फोन डब्याला टेकवा, दहा मिनिटं जमिनीवर बसा. बघताना आधी जमलेली जागा शोधा. आणि बाबा, ‘मी शूटिंग करतो’ ही सबब फक्त पहिल्यांदाच चालेल. पुढच्या खेपेला चटईवर तुम्ही.