हरितगृहातील भाजीपाल्यास ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट

शेणखताच्या टंचाईमुळे हरितगृहात ढोबळी मिरची व काकडी पिकविणारे शेतकरी भाजीमंडईचा पाला व घरगुती ओला कचरा यांपासून केलेल्या कंपोस्टकडे वळतात, हे योग्यच होय. मात्र उघड्या रानात जे खत चालून जाते, ते हरितगृहात चालतेच असे नाही.

उघड्या शेतात खतातील जादा क्षार पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जातात. हरितगृहात पाऊस पडत नाही व ठिबकाचे पाणी मोजके असते. त्यामुळे कंपोस्टातील क्षार आणि ठिबकातून दिलेल्या विद्राव्य खतांचे क्षार गादीवाफ्यातच साठतात, वर पांढरा थर दिसू लागतो व कोवळ्या मुळ्या करपतात. खत कच्चे असल्यास त्यातील अमोनिया वायू बंदिस्त हवेत कोंडून पानांच्या कडा जाळतो. काडीकचरा अर्धवट कुजलेला असल्यास जीवाणू जमिनीतील नत्र स्वतःच वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. स्वस्त मिळाले म्हणून खताची गाडी उतरवून घेणारास हा व्यवहार फार महाग पडतो.

सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात विकसित केलेल्या पद्धतीतील मूलतत्त्वे आजही लागू आहेत: ओल्या व कोरड्या पदार्थांचे मिश्रण, बेताचा ओलावा आणि खेळती हवा. मंडईच्या कचऱ्यात पाणी फार असते. नुसता रचल्यास तो सडून दुर्गंधी सुटते. म्हणून त्यात उसाचे पाचट किंवा भुसकट मिसळून आरंभी कर्ब-नत्र गुणोत्तर २५ ते ३० च्या दरम्यान राखावे. मुठीत दाबल्यास गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकाच ओलावा असावा. ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापला म्हणजे तणांचे बी व बरेचसे रोगजंतू मरतात. कडेचा कचराही तापावा यासाठी ढीग वरचेवर उलथावा. ढीग थंड झाला म्हणजे खत तयार झाले, ही समजूत चुकीची आहे. त्यानंतरही ते काही आठवडे मुरू द्यावे.

खत (नियंत्रण) आदेश, १९८५ अन्वये शहरी कंपोस्टाचे कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी असावे लागते व विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरहून अधिक चालत नाही. विकतच्या खताचा तपासणी अहवाल मागून घ्यावा. घरची परीक्षाही सोपी आहे. एका कुंडीत चांगली माती व दुसरीत माती आणि कंपोस्ट समभाग घेऊन प्रत्येकीत मुळ्याचे २० दाणे पेरावेत. दुसरीत उगवण कमी झाली किंवा रोपे करपली, तर ते खत हरितगृहात नेऊ नये.

लावणीपूर्वी दोन-तीन आठवडे दर चौरस मीटरला २ ते ३ किलो, म्हणजे १० गुंठ्यांस सुमारे २ ते ३ टन, कंपोस्ट वरच्या १५ ते २० सेंटिमीटर थरात मिसळावे. वाफ्यावर पांढरा थर असल्यास आधी निचऱ्याची सोय पाहावी व गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. मगच खत घालावे. काच व प्लॅस्टिकचे तुकडे मात्र धुण्याने जात नाहीत. ते हरितगृहाबाहेरच चाळून काढावेत.