टेकडीवरची रोपं जगत का नाहीत?

प्रश्न : आमच्या कॉलेजची एनएसएस दर जुलैत मागच्या टेकडीवर रोपं लावते. मे उजाडेपर्यंत बहुतेक वाळतात. काय करावं?
– एक प्राध्यापिका, पुणे

उत्तर : मार्चनंतर परीक्षा, मग सुट्टी; पाणी घालणार कोण? दोन-तीन उन्हाळे सांभाळता येतील एवढीच रोपं लावा. पळस, बहावा, काटेसावर घ्या. गिरिपुष्प झटपट वाढतं, पण ते मध्य अमेरिकेकडचं. पुण्याच्या टेकड्यांवर त्याचीच दाटी झालीय. आणि जिथे खडकावर जेमतेम वीतभर मुरूम आहे, तिथे खड्डे खणूच नका. ते गवताळ रान आहे, उजाड नव्हे. चंडोल तिथेच जमिनीवर घरटं करतो. एनएसएसच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास सेवा करायची असते; त्यांतले काही तास गवतं-पक्ष्यांच्या नोंदींना द्या. लागवडीसारखे फोटो त्यातही निघतात!