जयपुरात पोरं मोठी होताना

चिरंजीव,

जयपूरची बदली झाली, मानसरोवरात घर मिळालं, थोरली सहावीत आणि धाकटा पहिलीत गेला, हे सगळं काकूकडून कळलं. फोनवर तू पाणी, शाळा, भाडं अशी सगळी चौकशी केलीस आणि ठेवता ठेवता म्हणालास, ‘काका, पोरं मोठी व्हायला लागलीत.’ फोन त्यासाठीच होता, हे कळण्याइतकी अक्कल या वयातही शिल्लक आहे. आमची दोन्ही पोरं याच शहरात वाढली. तेव्हा जे कामी आलं ते लिहून पाठवतो. सूनबाईलाही वाचायला दे, म्हणजे यातलं कोणतं कलम तू सोयीस्करपणे विसरतोयस याचा हिशेब ती ठेवेल.

१. ऑफिसातून आलास की मोबाईल चपलांच्या कपाटावर ठेव आणि चहा होईपर्यंत त्याला हात लावू नकोस — दिवसभरातलं जे सांगायचं असतं ते पोरांच्या ओठावर तेवढाच वेळ असतं. नंतर विचारलंस तर ‘काही नाही’ एवढंच मिळतं.

२. ‘शाळेत काय झालं?’ असं विचारू नकोस, ‘डब्यातली भाजी कुणी संपवली?’ असं विचार — भाजीच्या निमित्ताने मैत्रिणी, रुसवे, नव्या बाई, सगळं आपोआप निघतं.

३. गंभीर बोलायचं असेल तर समोर बसवून बोलू नकोस. दूध आणायला बरोबर ने, नाहीतर रविवारी सेंट्रल पार्कात एक फेरी मार — बाप बोलतो तासभर, पोर ऐकतं जिन्यावर.

४. मे महिन्यात दुपारी गुणपत्रिकेचा विषय काढायचा नाही. पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलरमधलं पाणी आटलेलं आणि सगळं घर एका खोलीत — अशा वेळी तोंडातून निघालेलं वाक्य पाऊस आला तरी थंड होत नाही. आधी कूलर भर. बाकीचं रात्री गच्चीवर.

५. जानेवारीत धाकट्याला शाळेच्या व्हॅनपर्यंत तूच सोड. धुकं दाट पडलं की कलेक्टरचा आदेश निघून शाळेची वेळ बदलते, ती आदल्या रात्रीच बघून ठेव — त्या थंडीत पोर आपणहून बापाच्या खिशात हात घालतं. थोरलीचे ते दिवस सरले, याचे अजून आहेत.

आता भाषेचं. परक्या गावी वाढणाऱ्या पोरांचे बाप या बाबतीत फार लवकर घाबरतात आणि फार उशिरा काही करतात.

६. घरात मराठीच बोल, पण चूक चारचौघांत सुधारू नकोस. धाकटा म्हणेल, ‘बाबा, सायकल खराब होऊन गेली.’ तू म्हण, ‘बिघडली होय? आण, बघू,’ आणि पान्हा शोध — एकदा हसू झालं की पोर त्या भाषेत तोंडच उघडत नाही, मग आजीच्या फोनवर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढीच मराठी उरते.

७. त्यांच्या हिंदीला आणि गल्लीतल्या ढूंढाडीला नाक मुरडू नकोस. सवाई जयसिंहाच्या दरबारातले सम्राट जगन्नाथ महाराष्ट्रातले. त्यांनी अरबी शिकून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. जयसिंहाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हेही मूळचे आपल्याकडचेच. ब्रह्मपुरीतली पुंडरीकजींची हवेली एकदा पोरांना दाखव, भिंतींवरची चित्रं बघण्यासारखी आहेत — तीनशे वर्षांपूर्वी आपली माणसं इथे येऊन अरबी शिकली, तुला शेजारच्या ताऊजींशी दोन वाक्यं बोलायला जड जाऊ नये.

८. कधीतरी थोरली शाळेतून विचारत येईल, ‘मराठ्यांनी जयपूर लुटलं का?’ तेव्हा पगडी सांभाळत बसू नकोस. त्रिपोलियाजवळ ईसरलाट हा मनोरा आहे, जयपूरच्या राजा ईश्वरीसिंहाने बांधलेला. तिथे ने आणि दोन्ही बाजू सांग. खंडणीसाठी आपल्या फौजांनी या राज्याला पिळून काढलं, होळकरांची फौज चालून येतेय म्हणताच डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने विष घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, शहरात आलेल्या मराठ्यांची लोकांनी कत्तल केली — बापाने अर्धंच सांगितलं हे पोरांना आज ना उद्या कळतं, आणि मग ती बापाच्या बाकीच्या गोष्टीही अर्ध्याच धरून चालतात.

९. चैत्र शुद्ध तृतीयेला आपली चैत्रगौर बसते, आणि त्याच दिवशी इथे त्रिपोलिया दरवाज्यातून गणगौरीची सवारी निघते. दुपारी घरी आंब्याची डाळ आणि पन्हं, संध्याकाळी धाकट्याला खांद्यावर घेऊन सवारी, असा बेत ठेव. हळदीकुंकवाला शेजारणींना बोलवायचं काम थोरलीवर सोपव — दोन्ही गौरी आपल्याच, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

१०. जंतरमंतरला घाईत नेऊ नकोस. सम्राट यंत्रापाशी उभा राहा आणि धाकट्याला सावलीच्या कडेवर नजर ठेवायला सांग. सत्तावीस मीटर उंच भिंत आहे ती. तिची सावली मिनिटाला साधारण सहा सेंटिमीटर सरकते, म्हणजे वेळ चालताना डोळ्यांनी दिसते. थोरलीला मनगटावरचं घड्याळ बघायला सांग. दोन्ही वेळा जुळणार नाहीत. ती तुझ्याकडे बघेल. तू कबुतरं बघ. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, जयपूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे सत्तावीस मिनिटं मागे, आणि त्यात ऋतूप्रमाणे थोडी कमीजास्त, हे सगळं तुला येतं. तरी सांगू नकोस — बापाने दिलेलं उत्तर पोर परीक्षेपुरतं ठेवतं, स्वतः शोधलेलं पुढे लग्नात पाहुण्यांना अडवून सांगतं.

११. अल्बर्ट हॉलमधली ममी दाखवशील तेव्हा परतीच्या वाटेवर सावध राहा. ऑगस्ट २०२० च्या पावसात तळघरात पाणी शिरलं आणि काच फोडून तिला वाचवावं लागलं, ही गोष्ट पोरांना भारी आवडते, पण तिच्यामागोमाग ‘आजोबांचं काय झालं?’ हा प्रश्न येतोच. ‘देवाघरी गेले’ म्हणून सुटका करून घेऊ नकोस. श्वास थांबतो, मग दुखत नाही, आपण अग्नी देतो, आणि मलाही त्यांची आठवण येते, एवढं सरळ सांग — मरणावर जो बाप धड बोलतो, त्याच्याकडे पोर पुढे बाकीची भीतीही घेऊन येतं.

पतंगांवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण जयपुरात पोर किती वाढलं हे दाराच्या चौकटीवर खुणा करून समजत नाही, गच्चीवर समजतं.

१२. चौदा जानेवारीची रजा आत्ताच टाकून ठेव. त्या दिवशी अख्खं शहर छतावर असतं, सकाळपासून ‘वो काटा’चा गजर, ताटात तिळाचे लाडू, फीणी आणि डाळीची पकोडी — त्या दिवशी ऑफिसात गेलेला बाप मुलांच्या वर्षभर लक्षात राहतो.

१३. गच्चीचा कठडा सकाळीच बघून घे, आणि कठड्यापासून दोन हात आत एक खडूची रेघ ओढ. रेघेपलीकडे कुणी जायचं नाही, तूसुद्धा — पतंग लुटताना माणसाचे डोळे आभाळात असतात आणि पाय स्वतःच्या मनाने चालतात.

१४. नायलॉनचा, म्हणजे ज्याला सगळे चायनीज म्हणतात तो, मांजा घरात येऊ द्यायचा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्येच देशभर त्यावर बंदी घातली, तरी कोपऱ्यावर कुणी ना कुणी विकतोच. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात पतंग खाली ठेवायचे, प्रशासनही तेच सांगतं — पाखरं त्या वेळी घरट्यातून निघतात आणि परततात. त्या आठवड्यात दुचाकीवर गळ्याला जाड मफलर हवाच, आणि धाकट्याला पुढे उभा करून न्यायचं बंद.

१५. डोर त्याच्या हातात दे, चरखी तू धर. पहिली दोन वर्षं तो दर मिनिटाला ‘बाबा, आता ढील देऊ?’ विचारेल. तिसऱ्या वर्षी विचारणार नाही, चौथ्या वर्षी तू सांगितलेलं ऐकणार नाही, आणि त्यानंतर एका वर्षी समोरच्या गच्चीवरच्या मित्राची चरखी धरायला निघून जाईल. जाऊ दे. तू सूनबाईला डोर दे. तिला उडवता येत असेल, तू कधी विचारलंच नसशील — ढील दिली तो पतंग वर, खेचत बसला तो छतावर.

पुढची कलमं पाचसहा वर्षांनी लागतील. कागद जपून ठेव.

१६. अठरा पुरी होण्याआधी गियरची बाईक किंवा मोठी स्कूटर नाही, ‘फक्त कोचिंगपर्यंत’सुद्धा नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे — आणि दंड भरता येतो, गुडघा पहिल्यासारखा होत नाही. अठरा झाली, परवाना आला, की नवी गाडी घेऊन बुधवारी मोती डूंगरीच्या गणपतीला जा. तिथे नव्या गाड्यांची पूजा करायला रांग असते. हेल्मेट पूजेच्या आधी घ्यायचं.

१७. मुलगी खोलीचं दार लावायला लागली की कडी काढू नकोस, टकटक कर आणि ‘ये’ म्हणेपर्यंत थांब — ज्या दारावर बाप थांबतो ते दार आतून लवकर उघडतं.

१८. बापू बाजारात मोजड्या घ्यायला थोरलीला तिचे पैसे देऊन एकटी दुकानात पाठव, तू बाहेर उसाचा रस पी. फसली तरी ‘मला नेलं असतंस तर’ म्हणू नकोस — शंभर रुपयांत घासाघीस शिकली तर ती शिकवणी स्वस्तच.

१९. ‘आईला विचार’ हे वाक्य आठवड्याला एकदाच वापरायचं — रोज वापरलंस तर घरातले निर्णय कोण घेतं हे पोरांना कळतं आणि तुझ्याकडे फक्त रिचार्जसाठी येतात.

२०. रागावशील तेव्हा आजच्याच चुकीवर रागाव. मागच्या दिवाळीची काढायची नाही, शेजारच्या शर्मांच्या मुलाचं नाव घ्यायचं नाही — त्या मुलाचा बाप त्याच वेळी तुझ्या मुलीचं नाव घेत असतो.

२१. दहावीच्या आधीपासून सगळे कोचिंगसाठी कोट्याचं नाव घेतील. गोपालपुरा बायपासवरून जाताना फलकांवरचे हसरे चेहरे तुलाच भुलवतील. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नये, असं केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय, पण निर्णय घरातच होतो. आधी मुलाला उन्हाळ्यात आठ दिवस कुणा नातलगाकडे एकटं राहू दे. कपडे धुतो का, जेवतो का, करमत नसलं तर सांगतो का, ते बघ — अभ्यास झेपेल की नाही हे परीक्षा सांगते, एकटेपण झेपेल की नाही हे कुणीच सांगत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आत्महत्या रोखण्यासाठी कोट्यातल्या वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा हुकूम काढावा लागला. ही बातमी वाचून मी त्या रात्री आमच्या दोघांनाही फोन केला, आणि ती दोघं तेव्हा नोकरीला होती.

२२. मूल बाहेरगावी गेलं तर पहिला प्रश्न जेवणाचा, दुसरा झोपेचा, आणि गुणांचा प्रश्न त्याने काढला तरच. ‘परत यावंसं वाटलं तर ये, तिकिटाचे पैसे पाठवतो’ हे जाण्याच्या दिवशीच सांग, स्टेशनवर, मोठ्याने — अडचणीत पडल्यावर ते विचारायची हिंमत पोरांकडे नसते. कोटा अडीचशे किलोमीटरच आहे. एखाद्या रविवारी न कळवता नव्हे, कळवून जा. न कळवता गेलं की भेट राहत नाही, झडती होते.

२३. घरी आलेल्या मुलाला पहिल्या रात्री झोपू दे. सल्ला दुसऱ्या दिवशी, नाश्त्यानंतर, तोही मागितला तर. हे मला तुझ्या काकूने शिकवलं, आणि अजून मी नाश्त्याच्या आधीच सुरू होतो असं तिचं म्हणणं आहे.

२४. आणि थोरली पुण्याला किंवा कुठे शिकायला गेली की श्रावणात तीजेच्या आधी तिला घेवर पाठव. रबडीचा नको, साधा फीका घेवर घे. पाकाची छोटी बाटली वेगळी, झाकणाला प्लास्टिक लावून, आणि डबा चांगला कडक — रबडीचा दोन दिवसांत आंबतो, फीका टिकतो आणि वसतिगृहातल्या चार मुलींत वाटताही येतो. तेव्हाच एक डबा आमच्याही पत्त्यावर टाक. काकूला साखर वर्ज्य आहे, म्हणून पाकाची बाटली माझ्या नावाने वेगळी पाठव.

तुझा,
काका