पिशवीखाली जळजळ का होते?

आतड्याच्या काही ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लावावी लागते. तिच्याखाली खाज सुटली की आपण चिकटणाऱ्या चकतीला दोष देतो. पण बहुतेकदा कारण असते गळती. विष्ठा लागून कातडी सोलवटते. पिशवी महाग, म्हणून गळतीवर पट्टी चिकटवून आपण दिवस ढकलतो. तसे करू नये. जळजळ होताच पिशवी बदलावी.

स्टोमा पहिले ६ ते ८ आठवडे आकसतो. म्हणून तो पुन्हा मोजून चकतीचे भोक २-३ मिलिमीटरच मोठे कापावे. काढताना हिसका नको. ओल्या फडक्याने कातडी दाबत सोडवावी. साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. खोबरेल, डेटॉल लावू नये. चकतीच्याच आकाराचा लाल चट्टा उठला तर ॲलर्जी असू शकते. स्टोमा नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवावे.