बाळाची नजर

तान्हे बाळ झोपते, दूध पिते आणि रडते. 'त्याला काय कळते?' असे आपण सहज म्हणतो. पण बाळ जन्मापासूनच आपल्याकडे लक्ष देत असते.

नवजात बाळाला दूरचे नीट दिसत नाही. सुमारे २० ते ३० सेंटिमीटरवरचे मात्र बरे दिसते. दूध पिताना आईचा चेहरा जवळजवळ एवढ्याच अंतरावर असतो. आईचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ऐकत असते. म्हणून जन्मानंतर तो आवाज ते ओळखते.

दीड-दोन महिन्यांचे बाळ आपला चेहरा पाहून हसू लागते. आपण हसलो, की ते पुन्हा हसते. हेच त्याचे पहिले बोलणे! या देवाणघेवाणीतून त्याला विश्वास वाटू लागतो. माया जडते ती अशी.

१९७८ साली एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. आई बाळाशी खेळत होती. मग थोडा वेळ ती काही न बोलता, न हसता बाळासमोर बसली. बाळाने हसून तिला बोलावण्याचा प्रयत्न केला. उत्तर मिळेना, तेव्हा ते हिरमुसले आणि त्याने तोंड फिरवले. आई जवळ होती, पण तिचे लक्ष मिळत नव्हते.

नाशिकच्या दूधबाजार, भद्रकाली या जुन्या भागांत घरे दाटीवाटीने उभी आहेत. अशाच एका घरात अम्मी भाकऱ्या भाजत आहे. शाळेतून आलेली मुलगी भावाजवळ बसली आहे; पण तिचे डोळे मोबाइलवर आहेत.

"दादी, हा सारखा माझ्याकडेच बघतो!" ती म्हणते.

"बेटी, तो तुला हाक मारतो आहे. तू ओ दे!" दादी म्हणतात.

मुलगी मोबाइल ठेवते आणि ओढणीआड तोंड लपवून 'बुवा-कुक' करते. बाळ खुदकन हसते. थोड्या वेळाने ते मान वळवते.

"आता तो दमला. त्याला जरा स्वस्थ राहू दे," दादी सांगतात.

नऊ-दहा महिन्यांनंतर बाळ बोटाने वस्तू दाखवू लागते. ते मांजराकडे बोट करते. आपण 'मांजर!' म्हणतो. असे शब्द त्याच्या मनात साठतात.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यातूनच गावोगावी अंगणवाड्या उभ्या राहिल्या. बाळाशी बोला, खेळा, असे अंगणवाडी सेविका पालकांना सांगतात. त्यासाठी महाग खेळणी लागत नाहीत. आईला काम असेल, तर दादी, अब्बा, भाऊ, बहीण कोणीही बाळाशी बोलावे.

बाळाची नजर हा एक प्रश्न असतो. आपले हसू हे त्याचे उत्तर असते.

शब्दार्थ
तान्हे – अगदी लहान, अंगावर पिणारे
देवाणघेवाण – देणे आणि घेणे
हिरमुसणे – नाराज होणे
ओ देणे – हाकेला उत्तर देणे

स्वाध्याय
१. नवजात बाळाला किती अंतरावरचे बरे दिसते?
२. आई जवळ असूनही बाळ का हिरमुसले?
३. बाळाने मान वळवली, तेव्हा दादी काय म्हणाल्या?
४. वाक्यात उपयोग करा : माया जडणे, लक्ष देणे.
५. घरातील किंवा शेजारच्या बाळाशी पाच मिनिटे खेळा. त्याने काय काय केले, ते पाच वाक्यांत लिहा.